कागद कोरा सोडू नये

भुसावळ,
२६ जानेवारी

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

सकाळी शाळेत झेंडावंदनाला जाऊन आलो. निवृत्त शिक्षकांना पहिल्या रांगेत खुर्च्या असतात, तशा होत्या. भाषणं संपल्यावर वरच्या वर्गात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन बघायला गेलो. सहावीतल्या एका मुलीने कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बकरी काढली होती. बकरी, तिचा दोर, दोराचा खुंटा. बाकी कागद पांढरा. खाली लाल पेनाने शेरा: 'पार्श्वभूमी अपूर्ण. कागद कोरा सोडू नये.' आत्ताचे चित्रकलेचे सर माझेच विद्यार्थी. शेरा वाचून मला कसंसंच झालं, कारण ते वाक्य शब्दशः माझं आहे. तेहतीस वर्षं मी ते लिहीत आलो.

म्हणून घरी आल्या आल्या हे पत्र लिहायला बसलो. त्या दिवशी तोक्योत उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयातून परत येताना गाडीत तू विचारलंस, "काय नाना, कसं होतं म्युझियम?" मी म्हणालो, "मोठं आहे." तू हसलास आणि फोनमध्ये बघायला लागलास. एवढा दिवसभर हिंडून आलेला माणूस 'मोठं आहे' म्हणतो, तर समोरच्याने हसू नये तर काय करावं? पण गर्दीच्या गाडीत, एका हाताने कडी धरून ते सांगण्यासारखं नव्हतं.

सकाळी तू मला निहोन्बाशीला गाडी बदलून उएनोपर्यंत आणून सोडलंस, गेट दाखवलंस आणि ऑफिसला पळालास. तिकीट हजार येनचं आहे म्हणून नोट काढून ठेवली होती. खिडकीतल्या मुलीने माझ्याकडे बघून पासपोर्ट मागितला, जन्मसाल पाहिलं आणि नोट परत केली. सत्तरीपासून पुढे फुकट. आपली एसटी पंच्याहत्तरीला फुकट नेते, हे सत्तरीलाच. जन्मतारखेचा इतका फायदा मला आजवर कधी झाला नव्हता.

आत गेल्यावर समोर मोठं तळं आणि त्यामागे ती मुख्य इमारत, होनकान. भिंती सिमेंटच्या, साहेबी थाटाच्या, आणि वर जपानी कौलारू छप्पर. कोटावर फेटा बांधावा तसं ते दिसतं. वाईट दिसत नाही. आधी तिथे जोसाया काँडर या इंग्रज वास्तुकाराने बांधलेली विटांची इमारत होती. १९२३ च्या मोठ्या भूकंपात ती निकामी झाली आणि ही १९३८ मध्ये उघडली. हा १९२३ चा भूकंप लक्षात ठेव, पुढे त्याच्याशी आपल्याकडचा एक हिशेब आहे.

खालच्या मजल्यावर तलवारींच्या दालनात तरुण मुलींची ही गर्दी. लाखेच्या पेट्या पाहिल्या. मग वरच्या मजल्यावर चिलखतं पाहिली. होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराच्या जातीची लाकडी ठशांची चित्रं फार मंद उजेडात ठेवली होती. ती चार-सहा आठवडे दाखवतात आणि मग परत पेटीत ठेवतात, नाहीतर रंग उडतो. मला आपल्या देवघरातली राजा रविवर्म्याच्या मळवलीच्या छापखान्यातली लक्ष्मी आठवली. पन्नास वर्षं निरांजनाच्या धुरात आणि खिडकीच्या उन्हात. तिचा हिरवा शालू आता निळा झालाय आणि आजीला तो तसाच आवडायचा.

मग त्याच मजल्यावर दोन नंबरच्या दालनापाशी आलो.

या दालनात एका वेळी एकच वस्तू ठेवतात, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली. नव्या वर्षाच्या सुरुवातीला साधारण दोन आठवडे तिथे हासेगावा तोहाकूचे पाइन वृक्षांचे घडीचे पडदे असतात. आपण जानेवारीत आलो म्हणून योग आला, नाहीतर वर्षभर ते अंधारात. सहा घड्यांचा एक पडदा, असे दोन. एकेक साडेतीन मीटर रुंद आणि जवळपास माणसाच्या उंचीचा. सोळाव्या शतकाच्या शेवटचं काम. रंग नाही, फक्त काळी शाई.

आणि कागद कोरा.

मी खरंच आधी असा विचार केला की, अरे, हे अर्धवट राहिलंय. सवय जात नाही रे. डोळ्यांनी आपोआप मार्क द्यायला सुरुवात केली: रेखाटन उत्तम, मांडणी चांगली, पार्श्वभूमी नाही, चार मार्क कमी. थोडी झाडं इथे, थोडी तिथे, मध्ये काही नाही, वर अगदी पुसट एक डोंगर असावा तर असावा. मी काचेजवळ गेलो. जवळून झाडंही राहिली नाहीत. नुसते रागाने ओढल्यासारखे खरखरीत फटकारे, खराटा शाईत बुडवून मारावा तसे. हे काय, म्हणून मागे सरकलो, आणि पाच-सहा पावलं मागे आल्यावर धुकं उतरलं. धुकं काढलेलं कुठेच नाही. जे काढलं नाही तेच धुकं झालंय. झाडं त्याच्यात शिरतायत, एखादं पुढे येतंय, एखादं आत चाललंय. आपण जळगावहून अजिंठ्याला पहाटेच्या एसटीने जायचो तेव्हा पावसाळ्यात फर्दापूरच्या अलीकडून घाट असाच दिसायचा, आठवतं?

दालनात एक बाक होता. त्यावर एक म्हातारी बाई बसली होती, माझ्याहून मोठी. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा केली. आम्ही दोघं किती वेळ बसलो कोण जाणे. ती उठताना वाकली, मीही वाकलो. एवढंच संभाषण.

त्या तोहाकूबद्दल मी नंतर वाचलं. त्याचा मुलगा क्यूझो, तोही चित्रकार. क्योतोच्या चिशाकुइन देवळात दोघांचं काम आजही आहे: मुलाने चेरीचं झाड काढलंय, बापाने मेपलचं. दोन्हींच्या मागे सोन्याचा वर्ख, एक बोटभर जागा रिकामी नाही. १५९३ मध्ये मुलगा गेला, सव्वीस वर्षांचा. पाइनची झाडं त्यानंतरची, असं बरेच जाणकार मानतात. काही असंही म्हणतात की हा कच्चा खर्डा असावा, कारण कागदांचे जोड नीट जुळत नाहीत. म्हणजे ज्यासाठी लोक वर्षभर वाट बघतात ते कदाचित कच्चं काम आहे. मी मुलांचं कच्चं काम तपासून झालं की त्यावर फुली मारत असे, पुन्हा तेच जोडून देऊ नये म्हणून.

आता तुझ्या चित्राबद्दल लिहायचं आहे. ते जरा पुढे ढकलतो. आधी बाकीचं सांगतो.

होनकानमधून बाहेर पडलो की बाजूला तोयोकान आहे. तिथे जपान सोडून बाकीचा आशिया: चीन, कोरिया, भारत, कंबोडिया, इराण, आणि कसं कोण जाणे, इजिप्तची एक ममीसुद्धा. शाळेची सहल आली होती, ती सगळी ममीपाशी. मुलं सगळीकडे सारखीच. गांधारचे बुद्ध आणि बोधिसत्त्व पाहिले, त्यातल्या काहींना चक्क मिशा आहेत, पीळ दिलेल्या. गंगाकाठचा मुलगा पेशावरकडे जाऊन मिशा ठेवून आला, तिथून चीनमध्ये जाऊन गोल चेहऱ्याचा झाला आणि जपानात पोचेपर्यंत डोळे मिटून बसला. एका आवारात चार जिने चढता उतरता हे सगळं दिसतं.

तळघरात कंबोडियाचे दगडी देव आहेत. १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, फ्रेंचांच्या हनोईतल्या संशोधन संस्थेशी वस्तूंची अदलाबदल झाली, त्यात हे आले. त्यांच्यात एक गणपती बसलाय. पायात बूट होते, तरी हात जोडले. रखवालदाराने पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागला. मला वाटतं त्याला याची सवय असावी, तुमच्या निशी-कासाईच्या भारतीय वस्तीतले निम्मे लोक येऊन हेच करत असणार. तळघरातच आपली लघुचित्रं आणि छापील कापडं. त्या कापडाला जपानी लोक 'सारासा' म्हणतात. आपल्याकडचं कापड तिकडे एवढं चाललं की शब्दच तिकडचा होऊन बसला. भारत तळघरात ठेवला म्हणून मला क्षणभर राग आला होता, तोही लिहून टाकतो. मग आठवलं, मुंबईच्या म्युझियममध्ये रतन टाटा आणि दोराब टाटा या भावांच्या संग्रहातून आलेल्या जपानी आणि चिनी वस्तूंची दालनं आहेत. आठवीची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा त्या दालनांतून चाळीस मुलांना मी पाच मिनिटांत हाकलत बाहेर काढलं होतं, कारण राणीबाग राहिली होती आणि रात्रीची गाडी पकडायची होती. तेव्हा राग गिळला.

तोयोकानमध्ये एक वाडगा पाहिला, त्याबद्दल आईला सांगितलंय, तुलाही सांगतो. चीनमधल्या लुंगच्वान भट्ट्यांचा, तेराव्या शतकातला, कोवळ्या कैरीच्या आतल्या रंगाचा. नाव 'बाकोहान'. गोष्ट अशी की पंधराव्या शतकात तो आशिकागा योशिमासा या शोगुनकडे, म्हणजे लष्करी शासकाकडे होता. तळाशी तडा गेला, म्हणून त्याने तो चीनला पाठवला आणि कळवलं, याच्याच जोडीचा दुसरा द्या. चीनहून उत्तर आलं, असा आता आमच्याकडे होत नाही. त्यांनी तड्यावर लोखंडाच्या टाचण्या मारून तोच परत पाठवला. टाचण्या बाहेरून टोळ बसल्यासारख्या दिसतात, म्हणून नावात टोळ. चहाच्या शौकिनांना तो टाचण्यांसकट जास्त आवडला. तू मला सोन्याने सांधलेल्या वाट्यांचे व्हिडिओ तीनदा पाठवलेस, ते सुंदरच आहेत. पण मला हा जास्त पटला. सोनं लावलं की तडा मिरवायला लागतो. इथे नुसतं लोखंड, कामापुरतं. आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी आहे ना, गळ्याशी तारेने आवळलेली? तिच्यात आजही कैरीचं लोणचं आहे आणि आईने परवा ती बरणी फडक्याने पुसून वरच्या फळीवरून खालच्या फळीवर घेतली. माझ्या सांगण्याचा एवढा परिणाम पहिल्यांदाच झाला.

आता त्या आवारातली गंमत. तोयोकान १९६८ ची, तानिगुची योशिरो या वास्तुकाराची. खोल वळचण, जाड खांब, जुन्या लाकडी कोठाराची आठवण करून देणारी. तिथून आवाराच्या दुसऱ्या टोकाला गेलं की होर्यूजी देवळाच्या ठेव्याची इमारत येते. ती १९९९ ची. काच, बारीक खांब, कागदासारखं पातळ छप्पर, पुढे उथळ पाणी, आणि पाण्यावरून जायची वाट. ती बांधली तानिगुची योशिओने. योशिरोचा मुलगा. एकाच आवारात बापाचं आणि मुलाचं काम, मध्ये तीस वर्षं. मी दोन्हींच्या मध्ये उभा राहून इकडे तिकडे पाहत होतो. मुलाने बापाचं छप्पर घेतलं नाही, खांब घेतले नाहीत, वळचणही घेतली नाही. आणि कुठे भांडणही दिसत नाही.

होर्यूजीचं देऊळ नारा शहराजवळ, जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती तिथे आहेत. मेजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, बौद्ध देवळांचे हाल झाले, छप्पर शाकारायला पैसे नव्हते. तेव्हा १८७८ मध्ये देवळाने तीनशेहून जास्त वस्तू राजघराण्याला दिल्या आणि त्या बदल्यात त्यांना दहा हजार येन मिळाले. त्यावर देऊळ तगलं. त्या वस्तू आता इथे. आधीची इमारत आठवड्यातून एकच दिवस उघडायची, गुरुवारी, आणि हवा दमट असेल तर तोही दिवस बुडायचा. आत अंधाऱ्या दालनात वीतभर, दीड वीतभर उंचीच्या सोनेरी मुलाम्याच्या बुद्धमूर्ती, प्रत्येक वेगळ्या काचेत, शेतात दिवे लावल्यासारख्या. चंदनाचे दोन ओंडके आहेत, बाराशे वर्षांपूर्वीचे. त्यावर पहलवी या जुन्या इराणी लिपीत काही कोरलंय आणि मध्य आशियातल्या सोग्दियन लिपीतला डाग दिलाय, बैलाला देतात तसा. म्हणजे दक्षिणेकडचं लाकूड, इराणी व्यापाऱ्याची खूण आणि जपानी देऊळ. याच संग्रहात ताडपत्रावर संस्कृतमध्ये लिहिलेलं बौद्धांचं प्रज्ञापारमितेचं हृदयसूत्र आहे, ताडपत्रावरच्या फार जुन्या संस्कृत लेखनांपैकी एक. ते त्या दिवशी मांडलेलं नव्हतं. तू तिथे राहतोस, लक्ष ठेव आणि लावलं की कळव. मी तिकिटाचे पैसे जमवायला लागतो.

या होर्यूजीचं नाव मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे, पण वेगळ्या कारणाने. तिथल्या मुख्य मंदिराच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या शेवटाची चित्रं होती. त्यातल्या एका बोधिसत्त्वाचा फोटो कलाशिक्षकाच्या पदविकेला असताना आमच्या सरांनी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या शेजारी लावून दाखवला होता. तीच मान कललेली, तीच भुवई, तीच बोटं. रंग मात्र उडालेला होता, कारण ती भिंत जळलेली. २६ जानेवारी १९४९ ला पहाटे मंदिरात आग लागली. त्या काळात चित्रकार त्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. पुढच्या वर्षी जपानने ठेवा जपण्याचा कायदा केला आणि आता दर २६ जानेवारीला तिथे देवळांमध्ये आग विझवण्याची कवायत होते. आम्ही आज इथे झेंड्याला सलामी देत होतो तेव्हा तुमच्याकडे कुठेतरी देवळाच्या छपरावर पाण्याचे फवारे चालले असतील.

अजिंठ्याच्या नकलांचं नशीब तर त्याहून वाईट. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून लेण्यांत बसून नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षं राबले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. त्यानंतर जपानी आले. आराई काम्पो हा चित्रकार रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून कलकत्त्याला आला होता, शिकवायला. १९१७-१८ च्या हिवाळ्यात तो अभ्यासक सावामुरांबरोबर अजिंठ्याला राहिला आणि त्यांनी भिंतींच्या नकला केल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या, आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत खाक झाल्या. हाच तो हिशेब. उएनोतली जुनी इमारत ज्या भूकंपात गेली त्याच भूकंपात आपला अजिंठाही तिसऱ्यांदा जळला.

गिलची कबर भुसावळला आहे, हे तुला मी दाखवलंय. तू तेव्हा सात वर्षांचा होतास आणि तुला फक्त तिथली चिंच आठवत असेल. दुसऱ्याचं चित्र हुबेहूब उतरवण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मला तो फार मोठा वाटत आलाय. अजूनही वाटतो. पण एक फरक मला आत्ता, एकाहत्तराव्या वर्षी दिसला. गिलने चित्राच्या शेजारी बसून दुसऱ्या कापडावर काढलं. मूळ भिंतीवरच्या चित्रात स्वतःचा रंग लावला नाही.

मी लावला.

तू पाचवीत होतास. तालुक्याची स्पर्धा, विषय 'पाऊस'. तू कागदाच्या डाव्या कोपऱ्यात जामनेर रोडवरून सायकल ढकलत चाललेला माणूस काढला होतास, डोक्यावर पोत्याची खोळ. पाऊस काढलाच नव्हतास. माणसाच्या वाकण्यावरून कळत होता. तू ते मला दाखवायला आणलंस आणि मी म्हणालो, "अरे, बाकी कागद काय करायचा?" तू म्हणालास, "तिकडे पाऊस आहे." मी हसलो. मग तू जेवायला गेल्यावर पोस्टर कलर काढले आणि भरून टाकलं सगळं. वर ढग, मागे घरं, एक वीज, छत्र्या घेतलेली मुलं, डबक्यात बेडूक. तासाभरात. हात तयार होता माझा. दुसरा नंबर आला. बक्षीस घ्यायला तू गेलास, हसलासही फोटोत. त्यानंतर तुझ्या वहीच्या मागच्या पानावरसुद्धा मी चित्र पाहिलं नाही. एलिमेंटरीला बसायचं नाही म्हणालास तेव्हा मी चार लोकांत म्हणालो होतो, बघा, दिव्याखाली अंधार.

यावर आपण कधी बोललो नाही. तू कदाचित विसरलाही असशील आणि तुझं चित्रकला सोडण्याचं कारण क्रिकेट असेल. मला विचारायचं धाडस होत नाही, म्हणून लिहितोय.

परीक्षेचं तंत्र तसंच आहे, हे माझ्या बाजूने सांगायला हवं. स्मरणचित्रात कागद मोकळा दिसला की तपासणारा म्हणतो मुलाला वेळ पुरला नाही. गरिबाच्या पोराला दहावीला चार वाढीव गुण मिळायचे असतील तर त्याला 'भर रे बाबा' म्हणणं चूक नाही, आणि मी ते पुन्हाही म्हणेन. पण तू तेव्हा परीक्षा देत नव्हतास.

म्युझियमहून निघालो तेव्हा चार वाजले होते. तू सहाला भेटणार होतास, म्हणून उएनोच्या बागेतल्या शिनोबाझु तळ्यावर गेलो. मधल्या बेटावर बेन्झाइतेनचं देऊळ आहे, म्हणजे आपली सरस्वती, वीणेऐवजी त्यांची बिवा घेतलेली. तळ्यात जानेवारीत पाणी कमी आणि वाळलेली कमळं जास्त. देठ मोडून कोन करून उभे, काळे, शेकडो. कोणी शाईने ओढल्यासारखे. मी म्युझियमच्या नकाशाच्या कागदामागे बॉलपेनने पाच-सहा देठ काढले, खालच्या कोपऱ्यात. मग हात आपोआप तळ्याच्या काठाकडे गेला. तेवढ्यात तुझा फोन आला. खोटं कशाला लिहू, फोन आला नसता तर काठ, झाडं, मागच्या इमारती सगळं काढलं असतं. तो कागद तुमच्याकडेच राहिला, पाहुण्यांच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात. सापडला तर फेकू नका.

आज दुपारी हॉलमधली तुझ्या त्या चित्राची फ्रेम काढली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. मागचा पुठ्ठा वाळवीने थोडा खाल्लाय, चित्र वाचलंय. माझे पोस्टर कलर जाड होते, ढगाला पोपडा धरलाय आणि विजेजवळ बोटभर रंग गळून पडलाय. तिथे खालचा तुझा कागद दिसतो. सायकलवाल्याला काही झालेलं नाही, तू पातळ रंग वापरला होतास. मी फ्रेम परत लावलेली नाही. आई विचारते आहे, भिंतीवर तो चौकोन पांढरा दिसतोय, तिथे काय लावायचं. बघू म्हणालो.

ऋता भिंतीवर खडूने काढत होती म्हणून गौरी रागवली होती, तिला म्हणावं मोठे कागद आणून द्या. व्हिडिओ कॉलवर तिने चित्र दाखवलं तर मी फक्त 'वा' म्हणेन. आईला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय.

बाकी सर्व ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुर करतो, मालिश चालू आहे. तुझी तब्येत सांभाळ, रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप घेऊन बसत जाऊ नकोस. सौ. गौरीस आशीर्वाद, चि. ऋतास गोड पापा.

तुझा,
नाना

ता. क. बिबडे डब्यातून काढून पिशवीत ठेवले असतील तर परत डब्यात घाला. जूनमध्ये तुमच्याकडे पाऊस लागला की सादळतील. आणि त्या वाडग्याचा फोटो मला नीट आलेला नाही, काचेत माझंच डोकं दिसतंय. पुन्हा गेलास तर बाजूने काढ, टाचण्या दिसतील असा.